संगणकाचा स्पीकर घेताना कानाला विचारा

मे महिन्याची दुपार. कुहीतल्या एका स्लॅबच्या घरात खिडकीला लावलेला कूलर पूर्ण वेगाने सुरू आहे. त्याच खोलीत टेबलावर संगणक आहे आणि कानांत इअरफोन खुपसून मुलगा भरतीच्या परीक्षेचे व्हिडिओ पाहतो आहे. पलीकडे खाटेवर आजी आहे. नातवाने कधी तरी कीर्तन लावून दिले, तरी मॉनिटरमधल्या इवल्याशा स्पीकरचा आवाज कूलरच्या घरघरीत विरून जातो. "बोलून राहिला तं ऐकू येते, पण काय म्हणून राहिला ते समजून नाही राहिलं," असे आजी म्हणते. हे घर कल्पनेतले आहे. पण कुही-मांढळपासून उमरेड-भिवापूरपर्यंत कोणत्याही गावात ते सापडेल. अशा घरात एक दिवस ठरते, की हजार-बाराशे रुपयांत संगणकाला चांगले स्पीकर आणायचे.

दुकान कुहीतले असो, की ४० किलोमीटरवरच्या नागपुरातल्या बर्डीचे, तिथे पुढे काय होते ते ठरलेले आहे. दुकानदार एखादे लग्नातले गाणे लावतो, बटण पार टोकाला नेतो आणि म्हणतो, "बेस पाहा न, भाऊ!" काउंटरची काच थरथरते. गिऱ्हाईक खूश होते आणि खोका घरी येतो. आठवड्याभरात मुलगा पुन्हा इअरफोनकडे वळतो, कारण धडा नीट समजत नाही, आणि आजीची तक्रार तिथेच राहते. पैसे वाया गेले हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा त्या मुलाच्या कानांचा होतो आणि तो लगेच दिसत नाही.

आधी कूलरचे पाहू. कूलरजवळ बसले तर त्याचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास भरतो. जुना पत्र्याचा कूलर असेल आणि पंख्याचे बेअरिंग वाजत असेल तर त्याहूनही जास्त. बोललेला शब्द सहज कळायचा असेल, तर तो भोवतालच्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबलने वर असावा लागतो. म्हणजे त्या खोलीत धडा ऐकायला ७५ डेसिबलच्या घरात आवाज हवा. कानात सैलसर बसणारा साधा इअरफोन बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही, म्हणून आवाज वाढत जातो. ८५, ९० कधी झाले ते कळतही नाही. अनेक फोन आणि इअरफोनच्या जोड्या आवाज १०० डेसिबलच्या पुढे नेऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून याचा हिशेब मांडलेला आहे. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. लहान मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल धरली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. भरतीची तयारी करणारा मुलगा रोज तीन-चार तास व्हिडिओ ऐकत असेल, तर सोमवारी सुरू झालेला त्याचा आठवडा मंगळवारीच संपला. बाकीचे पाच दिवस तो उधारीवर ऐकतो आहे.

ही उधारी फिटत नाही. आपल्या प्रत्येक अंतःकर्णात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरीचे विजेच्या संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. त्वचा नवी येते, हाड सांधते. माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाने पहिला मार बसतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग त्याहून खालच्या पट्टीत असल्याने मुलाला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. रात्री निजताना कानात 'कुईं' असा बारीक आवाज येतो, तेवढेच. सकाळपर्यंत तो जातो आणि मुलगा ते विसरतो. वारंवार होणारी ही कुईं म्हणजे पेशींनी केलेली तक्रार समजावी. गंमत अशी, की ज्या सैन्यभरतीसाठी तो हे सारे ऐकतो, तिच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटीमीटर, म्हणजे २० फुटांवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे ऐकू यावी लागते. कुजबुजीत गळ्याचा घोगरा भाग नसतोच. जे असते ते बहुतेक बारीक, वरच्या पट्टीचे.

तेव्हा संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्याने कानात बोंडे घालण्याऐवजी टेबलावर स्पीकर ठेवणे हे प्रकृतीच्या दृष्टीने अधिक चांगले. स्पीकर कानापासून दूर असतो, आवाज फार वाढवला तर घरातले ओरडतात आणि तो ओरडा हेच एक सुरक्षेचे साधन आहे. इअरफोन किती मोठा लागला आहे हे आईला कसे कळणार? शिवाय एकच इअरफोन दोघा-तिघांनी वापरल्याने कानाच्या नळीतला संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी होते. पावसाळ्यात कानात बुरशी धरण्याचे प्रमाण वाढते, तेव्हा तर हे अजिबात नको.

आता प्रश्न कोणता स्पीकर घ्यावा हा. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात वॅट छापलेले असतात आणि गिऱ्हाईक तेवढेच वाचते. पूर्वी टेपरेकॉर्डरवर हजार-दोन हजार 'पीएमपीओ' असे लिहून यायचे. त्या आकड्याला कोणतेही ठरलेले मोजमाप नव्हते, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. खरा उपयोगाचा आकडा 'आरएमएस' या अक्षरांपुढे असतो, कारण तेवढी शक्ती स्पीकर सतत देऊ शकतो. तो आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये. मध्यम प्रतीचा लहान स्पीकर एक वॅटवर एक मीटर अंतराला साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज देतो. टेबलावर आपण त्याच्यापासून दीड-दोन फुटांवर बसतो आणि स्पीकर दोन असतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटमध्येच आवाज ८५ च्या पुढे, सुरक्षित मर्यादेच्या वर गेला! अभ्यासाच्या टेबलाला पन्नास वॅटची गरज नाही. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज दुप्पट लागत नाही. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते.

यूएसबीवर चालणारे स्पीकर घेताना एक सोपा गुणाकार करावा. संगणकाचा साधा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. त्या वायरीवर चालणाऱ्या जोडीच्या खोक्यावर २० वॅट लिहिले असेल, तर त्या खोक्यावरच्या बाकीच्या मजकुरावरही किती विश्वास ठेवायचा ते गिऱ्हाइकाने ठरवावे. दोन-तीन वॅटची प्रामाणिक जोडी अभ्यासाला भरपूर होते. एका टेबलाऐवजी सगळ्या खोलीला सिनेमा ऐकवायचा असेल, तर मात्र भिंतीतल्या प्लगवर चालणारे थोडे मोठे स्पीकर लागतील.

खरी गोम वॅटमध्ये नाही, शब्दांत आहे. मराठीतले 'साप', 'ताप', 'काप', 'बाप' हे शब्द घ्या. 'आप' सगळ्यांत सारखे. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि ते व्यंजन सेकंदाच्या लहानशा अंशात उमटून जाते. आ, ओ, ऊ हे स्वर दमदार असतात आणि त्यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या खाली असते. स, श, त, क, फ यांसारखी व्यंजने अशक्त असतात आणि २००० हर्ट्झच्या वर राहतात. 'स'ची सळसळ तर ४००० च्याही पुढे जाते. वय वाढते तसे कान वरच्या टोकाकडून झिजतात. म्हणून आजीला आवाज ऐकू येतो आणि शब्द कळत नाही. तिचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. घरातले लोक त्यावर "म्हातारीला हवे तेवढेच ऐकू येते" म्हणून हसतात, हे चूक आहे.

अशा कानासमोर दुकानातला तो 'बेस' काय करतो? तो व्यंजने झाकतो. अंतःकर्णात आवाजाची लहर शिरते तेव्हा आधी उंच स्वरांचा भाग लागतो आणि सर्वांत शेवटी खर्जाचा. खर्जाची जोरदार लहर आपल्या मुक्कामाला पोहोचण्याआधी वाटेतल्या उंच स्वरांच्या भागालाही हलवून जाते. कानातल्या या लहरीचा शोध लावणारे गेऑर्ग फॉन बेकेशी हे बुडापेस्टला टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करणारे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. थोडक्यात, धमधम करणारा स्पीकर 'त' आणि 'क' मधला फरक पुसतो. मग ऐकणारा आवाज वाढवतो, त्याबरोबर धमधमही वाढते आणि फरक आणखी पुसला जातो.

शब्द कळायला खर्ज फारसा लागत नाही, याचा पुरावा या भागातल्या वडीलधाऱ्यांजवळ आहेच. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. मध्यम लहरीवरच्या बातम्या ज्या रेडिओवर ऐकल्या गेल्या, त्याचा स्पीकर हाताच्या तळव्याएवढा असे. त्यात ना खर्जाचा दणका होता, ना फार उंच स्वर, तरी शेतीचा भाव आणि पावसाचा अंदाज ओसरीवरून अंगणापर्यंत कळत असे. साध्या टेलिफोनवर तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. वडिलांच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या खाली, १०० ते १५० च्या आसपास असतो, म्हणजे तो फोनवर जातच नाही. तरी "हॅलो" म्हणताच पोरगा वडिलांना ओळखतो, कारण वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. दोन इंची लहान स्पीकरमधूनही माणूस माणसासारखाच ऐकू येतो तो यामुळे.

म्हणून अभ्यास, बातम्या, कीर्तन आणि परगावच्या लेकीशी व्हिडिओ कॉल एवढेच काम असेल, तर दोन साधे स्पीकर पुरे आहेत. तिसरा, जमिनीवर ठेवायचा सबवूफरचा डबा नको. त्याच पैशात तीन वस्तू आल्या म्हणजे प्रत्येकीवर कमी खर्च झाला, इतके साधे हे गणित आहे. घरात गाण्याचा शौक असेल तर डबा घ्यावा, पण खर्जासाठी वेगळे बटण असलेला, म्हणजे बोलणे ऐकताना तो मिटवता येईल. शेजाऱ्यांचाही विचार करावा. बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज मात्र स्लॅबमधून पलीकडच्या घरात उतरतो. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे.

दुकानातली परीक्षा गिऱ्हाइकाने आपल्या हातात घ्यावी. दुकानदाराचे गाणे बंद करायला लावावे आणि आपल्या फोनवर मराठी बातम्या किंवा मुलाचा नेहमीचा धडा लावावा. आवाज अगदी लहान ठेवावा, दोन पावले मागे सरकावे, पडद्याकडे पाठ करावी आणि प्रत्येक शब्द कळतो का ते पाहावे. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. जी जोडी किंचित मोठी लागते ती माणसाला चांगली वाटते, हा कानाचा जुना भ्रम आहे आणि दुकानदारांना तो पुरता ठाऊक असतो. जमल्यास आजीला सोबत न्यावे. ते नाही जमले तर घरी आणून दोन दिवसांत बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

ब्लूटूथचा की वायरीचा? वायरीचा. ब्लूटूथने आवाज बऱ्याचदा सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोहोचतो. तरुणाला त्याने फारसे अडत नाही, व्हिडिओचे काही प्लेअर तो फरक भरूनही काढतात. पण ज्याचे ऐकणे कमी झालेले असते तो नकळत ओठ वाचत असतो. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलमध्ये लेकीचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आला, की आजीचा तो आधारही जातो. शिवाय वायरीच्या स्पीकरला चार्जिंग नाही, बॅटरी फुगणे नाही, आणि किंमतही कमी.

स्पीकर घरी आणल्यावर तो कुठे ठेवायचा यावर अर्धी गुणवत्ता अवलंबून असते, आणि इथे एक पैसाही लागत नाही. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. स्पीकर टेबलावर सपाट ठेवला तर तो झोत छातीवर पडतो आणि व्यंजने कानाला लागत नाहीत. स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली खोडरबर किंवा पुठ्ठ्याची घडी घालून त्याचे तोंड चेहऱ्याकडे वळवावे. कोपऱ्यात ढकलू नये, भिंतींमुळे खर्ज फुगतो. पोकळ लाकडी टेबल स्वतःच वाजते, त्याला जाड कापड घालावे. कवेलूच्या जुन्या घरात मातीच्या भिंती, टांगलेले कपडे, धान्याची पोती आवाज शोषून घेत. नव्या स्लॅबच्या घरात सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि टाइल्स आहेत, तिथे एक शब्द दुसऱ्यावर आदळतो. खिडकीला जाड पडदा, खाटेवर गोधडी, भिंतीला पुस्तकांची फळी एवढ्याने बराच फरक पडतो.

आणि अंतर. मोकळ्यात अंतर निम्मे केले, की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत थोडा कमी, पण वाढतोच. म्हणून आजीसाठी आवाज वाढवण्यापेक्षा आजीची खुर्ची स्पीकरपाशी आणावी. टेबल कूलरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावे आणि धडा ऐकताना कूलरचा वेग एका खटक्याने कमी करावा. कूलर ५ डेसिबलने शांत झाला, तर स्पीकरही तेवढाच खाली आणता येतो आणि त्या मुलाचा सुरक्षित वेळ तिपटीने वाढतो. बेअरिंगला तेल घालणे हा कानाचा उपचार आहे, असे म्हटले तर हसू येईल, पण हिशेब तेच सांगतो.

कूलरचा विषय निघालाच आहे तर विजेचेही सांगायला हवे. संगणकाच्या पत्र्याच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' असा आवाज येतो, असे पुष्कळ घरांत असते. अनेकदा दोन्हींचे मूळ एकच असते, ते म्हणजे घराला अर्थिंग नाही किंवा तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय कापून टाकलेला आहे. स्पीकर बदलून हे जात नाही. ज्या वायरिंगवर संगणक आहे त्याच वायरिंगवर पाण्याने भरलेला कूलरही असतो आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. तो 'हूं' ऐकू आला तर आधी वायरमनला बोलवावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा. स्पीकरच्या किमतीपेक्षा तो महाग पडेल, तरी आधी तोच घ्यावा.

आवाज किती ठेवला आहे हे पाहायला फोनवर डेसिबल मोजणारी ॲप मिळतात. ती अचूक नसतात, पण ७० आहे की ८५ हे सांगण्यापुरती ठीक आहेत. फोन कानाजवळ धरून मोजावे. एकदा योग्य जागा सापडली की स्पीकरच्या बटणावर पेनाने खूण करावी आणि मुलांना सांगावे, की या खुणेच्या पुढे जायचे नाही.

चांगला स्पीकर योग्य जागी ठेवूनही आजीला शब्द कळत नसतील, तर दोष स्पीकरचा नाही. आधी कानात मळ आहे का ते जवळच्या सरकारी दवाखान्यात पाहून घ्यावे. काडी, पिन, गरम तेल यांपैकी काहीही कानात घालू नये. मळ नसेल तर नागपूरला मेडिकल किंवा मेयोच्या कान-नाक-घसा विभागात नेऊन ऐकण्याची चाचणी करून घ्यावी. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. तिला काहीही दुखत नाही. मुलाच्या कानातली कुईं सकाळपर्यंत जात नसेल, तर त्यालाही त्याच फेरीत न्यावे. ४००० हर्ट्झपाशी पडलेली खाच त्या आलेखावर बोलण्यात फरक पडण्याच्या पुष्कळ आधी दिसते. आणि कोणत्याही वयात एका कानाचे ऐकणे अचानक, एका रात्रीत गेले, तर "सर्दीने बसला असेल" म्हणून वाट पाहू नये. त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात, म्हणून त्याच दिवशी निघावे.